फायटर माशाचं पाणी : बदलायचं, पण त्याला कळू न देता

(अणदूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

विषयाचं नाव ऐकून काहीजण हसले असतील. आपल्या भागात माणसाला प्यायला पाणी मिळायची मारामार, आणि हा गडी माशाचं पाणी बदलायला शिकवतोय! २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण कुणी विसरलेलो नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आज जी पद्धत सांगणार आहे तिला पाणी कमी लागतं. पाणी जास्त घालून मासा मारायचा की कमी पाण्यात जगवायचा, असा हा हिशोब आहे.

आधी माझीच चूक सांगतो. मी विज्ञान शिकवतो. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीसाठी सोलापूरहून एक फायटर मासा आणला. निळाभोर, मागे पदरासारखी शेपटी. काचेच्या गोल भांड्यात ठेवला. आठ दिवसांत पाणी गढूळ दिसायला लागलं. त्या दिवशी नेमकं पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. म्हटलं, चला, ताजं पाणी आलंय, माशालाही देऊ. त्याला जाळीने उचलून वाटीत टाकला, भांडं साबणाने घासून लख्ख केलं, नळाखाली भरलं आणि मासा आत सोडला. मला फार समाधान वाटलं. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मासा हलंना झालाय." सकाळी तो तरंगत होता.

मग तिने एक प्रश्न विचारला. "बाबा, आपण तर त्याला स्वच्छ पाणी दिलं होतं. मग तो का मेला?"

मला उत्तर देता आलं नाही. आजचं हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

हा मासा आहे कोण?

आपण ज्याला फायटर म्हणतो त्याचं नाव बेट्टा. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, ते १९१० साली दिलं गेलं. हा मूळचा थायलंडचा, तिथल्या भाताच्या खाचरांतला आणि संथ, उथळ, पालापाचोळ्याच्या पाण्यातला. २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. दोन नर एकत्र ठेवले की एकमेकांना फाडतात, म्हणून दुकानदार एकेका पेल्यात एकेक ठेवतो. ते बघून आपल्याला वाटतं की याला पेलाभर पाणी पुरतं.

हा गैरसमज कुठून आला ते बघा. बेट्टाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला घड्या-घड्यांचा एक खास अवयव असतो. तो पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि त्या हवेतला प्राणवायू वापरतो. आपल्याकडची मरळ तुम्ही बाजारात बघितली असेल. टोपलीत, थोड्याशा ओलाव्यावर ती तासन्‌तास जिवंत राहते, कारण तीही वरची हवा घेते. बेट्टा आणि मरळ लांबचे भाऊबंदच आहेत. म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यात बेट्टा लगेच मरत नाही. पण लगेच मरत नाही म्हणजे सुखात आहे असं नाही. श्वास हवेतून घेतला तरी घाण तो पाण्यातच टाकतो, आणि ती घाण त्याच्याच कल्ल्यांना लागते.

पाणी बदलायचंच कशाला?

माशाच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. अमोनिया दिसत नाही. पाणी आरशासारखं नितळ दिसतं आणि तरी ते विषारी असू शकतं. पुन्हा उलटही खरं आहे, जरा चहासारखं पिवळट पाणी माशाला अगदी मानवू शकतं. तेव्हा डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

शेतकरी मंडळींना पुढचं लगेच कळेल. आपण रानात युरिया टाकतो. मातीतले जीवाणू त्याचा अमोनिया करतात, मग नायट्राइट, मग नायट्रेट, आणि ते नायट्रेट पीक उचलतं. टाकीतही हेच चालतं. खडे, काच, फिल्टरचा स्पंज यांच्यावर जीवाणूंचा एक बुळबुळीत थर बसतो. तो अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट माशाला घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण ते साठत जातं, आणि ते काढायला आपण थोडं पाणी बदलतो.

आता माझी पहिली चूक लक्षात आली? मी भांडं साबणाने घासलं. म्हणजे राबणारे सगळे गडी एका दिवसात हाकलले. वर साबणाचा अंश राहिला तो वेगळाच.

नवं पाणी माशाला तीन प्रकारे मारतं

पहिला प्रकार, क्लोरीन. गावात पाणी सोडण्याआधी टाकीत टीसीएल पावडर टाकतात, आणि ते टाकलंच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं सांगितलं आहे. आपण ते पितो, पोटात जातं, काही होत नाही. माशाचं तसं नाही. त्याचे कल्ले म्हणजे पातळ पडद्यामागचं रक्त, आणि क्लोरीन थेट तिथे लागतं, भाजल्यासारखं. नळाच्या पाण्याला ज्या दिवशी उग्र वास येतो, त्या दिवशी ते पाणी थेट माशाला देणं म्हणजे त्याच्या श्वासावर घाव घालणं.

दुसरा प्रकार, तापमान. बेट्टाला साधारण २५ ते २७ अंश मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. डिसेंबरात पहाटेचं पाणी बर्फासारखं. मासा थंड रक्ताचा प्राणी, त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबरच बदलतं. पाच-सहा अंशांचा फरक एका क्षणात दिला तर त्याचं सगळं तंत्र बिघडतं. लग्नाकार्यात येतो तसा गार पाण्याचा जार किंवा माठातलं पाणी, यातलं काहीही थेट ओतू नका.

तिसरा प्रकार, क्षार. हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे. आपली जमीन बेसाल्ट खडकाची, आणि बोअरचं पाणी जड. बादलीला, गिझरला पांढरा थर बसतो तो याचाच. हे समजायला जलसंजीवनी आठवा. अणदूरला हे सांगायला नको, हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम इथलंच, आणि भारतवैद्य बायकांनी गावोगावी आरोग्याच्या गोष्टी समजावल्या आहेत. जुलाबात नुसतं पाणी का देत नाहीत, मीठ-साखर का घालतात? कारण शरीरात पाणी आणि क्षार यांचा तोल लागतो. माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असतं आणि त्याची मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत असतात. बाहेरचे क्षार अचानक बदलले की हा तोल कोलमडतो.

म्हणून आज बोअरचं, उद्या आरओचं, परवा टँकरचं, असं करू नका. पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा, असं मानक सांगतं. बेट्टा बऱ्यापैकी जड पाण्याशी जुळवून घेतो, पण रोज नव्या पाण्याशी जुळवून घेत नाही. बोअर फारच जड असेल तर निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं असं मिसळा, आणि तेच प्रमाण कायम ठेवा. समजा बोअरचा टीडीएस १००० आणि आरओचा ५०, तर मिश्रण ५२५ च्या आसपास येतं. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे पेनासारखं मीटर असतं, त्याला दोन थेंब मोजायला सांगा. नुसतं आरओचं पाणी मात्र नको, त्यात माशाला लागणारे क्षारच उरत नाहीत.

माझ्या त्या माशाला मी एका संध्याकाळी क्लोरीन दिलं, गार पाणी दिलं, वेगळे क्षार दिले आणि त्याचे जीवाणू धुऊन टाकले. स्वच्छ पाणी दिलं, हे मुलीचं म्हणणं खरं होतं. पण ते स्वच्छ माझ्यासाठी होतं.

आता करायचं कसं?

आधी भांडं. गोल वाडगा मुलाला खेळायला द्या. बेट्टाला किमान १० लिटर, जमलं तर २० लिटरची टाकी. पाणी जितकं जास्त तितका बदल सावकाश होतो, आणि आपली चूक पदरात घेतली जाते. वर तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवा, त्याला हवेचा घोट घ्यायचा असतो. वर जाळीचं झाकण असू द्या, कारण हा मासा उडी मारतो.

किती आणि कधी? २० लिटरची, स्पंज फिल्टर असलेली आणि जीवाणू बसलेली टाकी असेल तर आठवड्यातून एकदा पाव हिस्सा, म्हणजे ५ लिटर. फिल्टर नसलेली १० लिटरची टाकी असेल तर आठवड्यातून दोनदा, दर वेळी पाव हिस्सा. एकदम सगळं पाणी कधीच बदलायचं नाही.

आदल्या दिवशी : माशासाठी एक बादली वेगळी ठेवा, जिला साबण, निरमा कधी लागलेला नाही अशी. त्यात पाणी भरा आणि टाकी असेल त्याच खोलीत २४ तास उघडं राहू द्या, वर फार तर एक पातळ फडकं. उघड्या, पसरट भांड्यातलं क्लोरीन उडून जातं. झाकलेल्या ड्रममध्ये ते तसंच राहतं. पाणी आदल्या दिवशी भरायला जमलं नाही तर दुकानात अँटिक्लोरीन मिळतं, बाटलीवरच्या प्रमाणात घाला. ते काही मिनिटांत काम करतं. त्यातलं नेहमीचं रसायन म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा हायपो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसलं तरी तेही एक दिवस ठेवाच. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असू शकतो, हवा लागली की ते स्थिरावतं. शिवाय एकाच खोलीत राहिल्याने तापमान आपोआप जुळतं.

बदलायच्या दिवशी : टाकीचा दिवा बंद करा. हीटर असेल तर आधी पिन काढा. पाणी कमी झाल्यावर तापलेला हीटर उघडा पडला तर काच तडकते, आणि विजेचा धोका आहेच. मासा बाहेर काढायचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्याला पकडण्याइतका मोठा ताण दुसरा नाही, आणि जाळीत त्याचे पर फाटतात.

एक बारीक नळी घ्या. ती पाण्याने भरून दोन्ही टोकं बोटाने बंद करा, एक टोक टाकीत, दुसरं खाली बादलीत, आणि बोटं सोडा. तोंडाने ओढू नका. टाकीतल्या टोकाला जाळीचा तुकडा बांधा, म्हणजे शेपटी आत ओढली जाणार नाही. तळातली घाण आणि उरलेलं खाद्य हळूहळू ओढून घ्या. पाव हिस्सा झाला की थांबा.

स्पंज धुवायचा तर याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा. नळाखाली नाही. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडा.

नवं पाणी घालण्याआधी दोन्ही पाण्यांत थर्मामीटर बुडवून बघा. एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या अंघोळीचं पाणी आजी जसं कोपर बुडवून बघते तसं आधी टाकीतलं आणि मग बादलीतलं बघा. थंडीत पाणी गार असेल तर गरम पाण्याची झाकणबंद बाटली बादलीत थोडा वेळ ठेवा. मग टाकीत एक बशी तरंगत धरा आणि तिच्यावर पेल्याने सावकाश पाणी सोडा, धार थेट माशावर पडू देऊ नका. ५ लिटरला दहा-पंधरा मिनिटं लागू द्या.

नंतर तासभर दिवा बंद ठेवा आणि खायला दोन-तीन तासांनी द्या. पोरांनी काचेवर टकटक करायची नाही.

आपला खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गला असतो आणि बाकी काळ अणदूरला. देवाचं ठिकाण बदलतं तेव्हाही दोन्ही गावं आधी ठरवतात, तयारी करतात, मग पालखी निघते. ऐनवेळी कुणी उचलून नेत नाही. माशाचं पाणीसुद्धा असंच ठरवून, तयारीने बदलायचं.

दोन सापळे

पहिला सापळा म्हणजे वरून भर घालणं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी आटतं, आपण वर पाणी घालतो आणि म्हणतो, बदललं. नाही. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. दर भरीला नवे क्षार येतात. म्हणून आधी थोडं काढायचं, मगच घालायचं.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. समजा, तीन-चार महिने पाणी बदललंच नाही. मासा मात्र जिवंत आहे. आजचं व्याख्यान ऐकून तुम्ही घरी जाल आणि उत्साहाने निम्मं पाणी बदलाल. तसं करू नका! जुन्या पाण्याचा पीएच हळूहळू उतरलेला असतो. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतेक निरुपद्रवी रूपात असतो. पीएच ७ ला, २५ अंशांवर, त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. बोअरचं जड, अल्कली पाणी एकदम ओतलं तर झोपलेलं विष जागं होतं. अशा टाकीत रोज थोडं, दहावा हिस्सा, असं आठ-दहा दिवस बदला आणि मग नेहमीच्या रीतीवर या.

ताण ओळखायचा कसा?

पर मिटून अंगाला चिकटलेले, रंग फिका, तळाशी पडून राहणं, खाद्याकडे पाठ, पुन्हा पुन्हा घाईघाईने वर येऊन हवा घेणं, कल्ले लालसर किंवा जोरात हलणं, ही लक्षणं बघा. अधूनमधून वर येणं मात्र नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. नर माशाने वर फेसाचं घरटं केलं असेल तर तेही आजाराचं लक्षण नाही. पाणी बदलताना ते मोडलं तर तो पुन्हा बांधतो.

पाण्याचा हिशोब

सुरुवातीला बोललो त्यावर येतो. २० लिटरची टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी केली तर वर्षाला १०४० लिटर पाणी जातं आणि मासाही जातो. पाव हिस्सा बदलला तर २६० लिटर, म्हणजे आठवड्याला अर्धी घागरही नाही. आणि ते पाणी वाया जात नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. आमच्या दारची तुळस आणि कढीपत्ता त्यावरच आहे.

तरीही खरोखरची टंचाई आली तर? तर नवा मासा आणू नका. आहे त्याला एक-एक लिटर, पण नेमाने. खाद्य निम्मं करा, म्हणजे घाणही कमी होईल. जनावर आणलं की त्याच्या पाण्याची जबाबदारी आपली, मग ती म्हैस असो की दोन बोटांचा मासा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, पावसाळ्यात मेडिक्लोर टाकलेलं पाणी चालेल का?*

थेट नाही. ते क्लोरीनच आहे. उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरीन घाला. घरच्या पिण्याच्या पाण्यात मात्र मेडिक्लोर जरूर टाका, माशापायी ते बंद करू नका.

*प्रश्न : दुकानदार दर वेळी निळं औषध आणि मीठ टाकायला सांगतात.*

आजार नसताना औषध नको. निळं औषध फिल्टरमधल्या जीवाणूंनाही त्रास देऊ शकतं. दर वेळी मीठ टाकलं तर क्षार वाढत जातात. ताण कमी करायचाच असेल तर शाळेच्या आवारात असतं त्या देशी बदामाचं एक वाळलेलं, धुतलेलं पान टाका. पाणी पिवळसर होईल, त्याच्या मूळच्या पाण्यासारखं. पण ते पान पाणी बदलण्याला पर्याय नाही.

*प्रश्न : सांभाळणं झालं नाही तर विहिरीत सोडला तर चालेल का? आरोग्य खात्याचे लोक गप्पी सोडतात की.*

नाही. गप्पी डासांच्या अळ्यांसाठी ठरवून, ठरावीक ठिकाणी सोडतात. फायटर बोरी नदीत, विहिरीत सोडायचा नाही. तो मरेल, किंवा तगला तर तिथल्या माशांना उपद्रव करेल. सांभाळणाऱ्याला द्या.

*प्रश्न (एका शाळकरी मुलीचा) : सर, तुमच्या मुलीला मग काय सांगितलं?*

(थोडं थांबून) सांगितलं की चूक माझी होती, तुझी नाही. आणि वर्षभराने दुसरा मासा आणला, पण आधी टाकी लावली, महिनाभर पाणी तयार होऊ दिलं, मग आणला. तो साडेतीन वर्षं जगला. त्याचं पाणी तीच बदलायची, बशी धरून, पेल्या-पेल्याने. मला हात लावू देत नव्हती.

घरी गेल्यावर आज पाणी बदलू नका. आज फक्त बादली भरून ठेवा. बदलायचं उद्या.